जाते म्हणू नये

१

खाऱ्या पाण्याच्या टाकीत रोज गोडं पाणी घालावं लागतं, हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. पण ते खरं आहे. हवेत उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून जितकं उडालं तितकं गोडं पाणी वरून घालायचं, काचेवर लाल चिकटपट्टीची रेघ आहे तिथपर्यंत. आमच्या दोन फुटी टाकीला रोज दीड पेला लागायचा. त्याहून जास्त घातलं तर खारटपणा उतरतो, प्रवाळं तोंड मिटून घेतात, आणि फारच उतरला तर मरतात.

श्रीरंगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे सगळं मला लग्नानंतर चौथ्या दिवशी समजावून सांगितलं. इतर नवरे चौथ्या दिवशी काय सांगतात ते मला माहीत नाही.

आम्ही तेव्हा वसई गावात, पाचूबंदरच्या रस्त्याला, कॅथरिन आन्टींच्या बंगल्यामागे नव्याने बांधलेल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नव्व्याण्णव साल. टाकी बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून लांब. तिच्यात काही दगड, दगडांवर बटणांसारखी आणि छत्र्यांसारखी मऊ प्रवाळं, एक लाल पाठीची कोळंबी आणि दोन नारिंगी मासे. मोठी मादी आणि तिच्यामागे फिरणारा छोटा नर. मी त्यांना चेअरमन आणि सेक्रेटरी म्हणत असे.

वसईतल्या होळी नावाच्या भागातल्या एका शाळेची लायब्ररी मी अर्धा दिवस सांभाळत होते. सकाळी टाकीत दीड पेला पाणी घालायचं, पेला घासून फळीवर पालथा ठेवायचा, दाराशी चप्पल घालायची आणि म्हणायचं, "येते."

श्रीरंग पहाटेच कामाला गेलेला असायचा. मी कुणाला सांगत होते? चेअरमनना, दुसरं कोण.

२

मार्चमध्ये कंपनीने श्रीरंगला तीन आठवडे भावनगरला पाठवलं. नेमक्या त्याच तीन आठवड्यांत आम्हाला घर बदलायचं होतं. विरारला घेतलेल्या आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला होता, आणि एकतीस तारखेला आन्टींचा मुलगा हिलरी बायकापोरांसह कुवेतहून परत येणार होता. त्याला खोल्या हव्या होत्या.

"बाकी सामान काय, कसंही जाईल," श्रीरंग स्टेशनवर म्हणाला. "टाकी मात्र तू स्वतः ने. जमेल ना, ज्ञाना? चार वर्षं लागलीत तिला अशी व्हायला."

"जमेल."

"एक जरी प्रवाळ मेलं तरी पाणी नासतं आणि मग बाकीचे सगळे..."

"श्रीरंग, जमेल म्हटलं ना."

त्याच दिवशी माझी बांगडी फुटली. टाकीत हात घालण्याआधी हातातलं सगळं काढायचं असा नियम होता. धातू प्रवाळांना बाधतो, आणि काचेच्या बांगड्या काठावर आपटतात. घाईत मी विसरले. लग्नातल्या हिरव्या चुड्यात एक बांगडी वेगळी होती, सोनेरी ठिपक्यांची. कासाराच्या डब्यात डझनाला एक कमी पडली म्हणून त्याने दुसऱ्या डब्यातली घातली होती. तीच काठाला लागली. किण्. दोन तुकडे फरशीवर मिळाले. तिसरा पाण्यात गेला असणार. वाळूत बोटं फिरवून पाहिली, सापडला नाही.

"अगं बाई, वाढली," मी म्हणाले. रिकाम्या घरात, मोठ्याने.

ही सासूबाईंची शिकवण. त्यांच्या घरात काहीच संपत नाही. कुंकू वाढतं, तांदूळ वाढतात, मंगळसूत्र तुटलं तर तेही वाढतं. बांगडी फुटली म्हणायचं नाही. आणि घराबाहेर पडताना "जाते" तर कध्धीच म्हणायचं नाही. जाणारं माणूस "येते" म्हणतं आणि घरातलं माणूस "ये" म्हणतं. इतकी सवय झालेली असते की, आपण उलटं बोलतोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

या गोंधळात टाकीत पाणी घालायचं राहून गेलं. लक्षात आलं ते शाळेत पोचल्यावर.

दुपारी घरी आले. पाणी बरोबर रेघेवर होतं.

फळीवरचा पालथा पेला उचलला. आतून ओला होता, आणि काठाला एक थेंब लोंबत होता.

३

ओला पेला ही काही घाबरायची गोष्ट नाही. मी स्वतःला तेच सांगितलं. पाणी घातलं असेल आणि विसरले असेन. मार्चच्या उन्हात पेला पाच तास ओला कसा राहिला, याचंही काहीतरी कारण असेल. मला विज्ञानात चाळीस मार्क होते.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाणी घातलं नाही. दुपारी आले तर पाणी रेघेवर. तिसऱ्या दिवशी पेला कपाटात साड्यांखाली ठेवला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. दुपारी पाणी रेघेवर. कपाट उघडलं. पेला जिथल्या तिथे होता. त्याच्यावरची पैठणी हातभर ओली झाली होती.

आईने दिलेली पैठणी. भीती नंतर वाटली. आधी राग आला.

चौथ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बांगड्या काढून गॅसमागच्या खिळ्याला अडकवल्या होत्या, समोर दिसत होत्या. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. किण्. काचेवर काच हलकेच लागावी तसा. मग पाणी सोडल्याचा बारीक आवाज. घाई न करता, थांबून थांबून, वाळू उडू नये म्हणून मी सोडते तसा.

मी विळी बाजूला केली, उठले, जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. चेअरमन वर पाहत होत्या. खाणं देणाऱ्याकडे पाहावं तशा.

संध्याकाळी आन्टी पायरीवर बसून मासे साफ करत होत्या. विचारलं, "आन्टी, या खोल्यांत आमच्याआधी कोण राहायचं?"

"कोन नाय गो. तुमीच पयले. हिलरी कुवेतला गेला त्याच्यानंतर तर बांधल्या. चुना अजून धड सुकला नाय. का?"

"सहज."

"भूतबीत असंल तर तुझं तूच आनलंस हां, बाय," त्या हसून म्हणाल्या. "माझ्या घरात नव्हतं."

४

सव्वीस तारखेला सासूबाई डोंबिवलीहून आल्या. सुनेने एकटीने घर हलवणं त्यांना बरं दिसत नव्हतं. आल्या आल्या त्यांनी माझे हात पाहिले.

"एक कमी आहे."

"फुटली, आई."

"वाढली म्हणावं."

मी गप्प बसले. मी गप्प बसते म्हणून लोक मला गरीब समजतात. त्याचा एक फायदा आहे: मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

मग त्यांनी कोपऱ्यात ओळीने लावलेले कॅन पाहिले. "हे कशाला?"

"टाकीचं पाणी भरून न्यायला."

"जुन्या घरातलं पाणी नव्या घरात? ते ओतून टाकायचं असतं, जुन्या घराचं जुन्या घरालाच."

"माशांना तेच पाणी लागतं. एकदम नवं दिलं तर मरतील."

"आणि दगड?"

"तेही. पाण्याबाहेर न काढता. जिवंत दगड आहेत ते."

"दगड जिवंत असतो हे मला तुझ्या सासऱ्यांमुळे माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मला हसू आलं. त्या वाईट नव्हत्या. शब्दांना मात्र त्या फार घाबरायच्या.

त्या घरात असल्यापासून तो किण् आवाज आला नाही. पाणीही रोज दीड पेला कमी होत होतं आणि मी भरत होते. म्हटलं, झालं. एकटेपणाचे खेळ होते. हे लक्षात आलं नाही की त्या चार दिवसांत मी शाळेत गेले नव्हते, आणि "येते" म्हणायची वेळच आली नव्हती.

५

तीस तारखेला सकाळी ॲन्सेल्म टेम्पो घेऊन आला. पाचूबंदरचा. एरवी मासे वाहणारा, आणि श्रीरंगसाठी बोटीतून खोल समुद्रातलं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून आणणारा. बर्फाची थर्मोकोलची खोकी त्याने घासून आणली होती.

"या खोक्यात जित्ता मासा पयल्यांदा चाललाय, वयनी. बाकीची खोकी जळतील."

सासूबाई देव आणि मिठाची पुडी घेऊन रिक्षाने पुढे गेल्या. नव्या घरात आधी मीठ. मी त्यांना म्हणाले नाही की, माझ्याकडे पन्नास लिटर आहे.

श्रीरंगचा कागद भिंतीला चिकटवला होता. पहिला नियम: घाबरू नकोस. दुसरा: वरचं स्वच्छ पाणी आधी काढ. नळी लावून तीन कॅन भरले. दगड एकेक करून पाण्यातल्या पाण्यात टबात सरकवले. प्रवाळं श्रीखंडाच्या डब्यांत, प्रत्येकाला त्याचं त्याचं पाणी. मासे शेवटी, पाणी वीतभर उरल्यावर. तेव्हा ते पळत नाहीत. चेअरमन मगात स्वतःहून आल्या. सेक्रेटरींनी अर्धा तास घेतला. वरची पांढरी वाळू बादलीत घेतली, खालची काळी, सडक्या अंड्यासारखा वास मारणारी, आन्टींच्या माडाच्या बुंध्याशी टाकली. सगळी वाळू बोटांतून गाळली. हिरवा तुकडा नव्हता.

ॲन्सेल्मने रिकामी टाकी चादरीत गुंडाळून पायऱ्यांवर नेली. मी शेवटचा कॅन उचलला, चप्पल घातली. खोलीत काही उरलं नव्हतं. टाकीच्या स्टँडच्या पायांच्या चार खुणा आणि खिडकीतलं ऊन.

"येते," मी म्हणाले.

जीभच ती. पाच महिने रोज त्याच जागी उभी राहून म्हटलेलं.

"ये."

मी ऐकलं नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. बाईचा आवाज होता. हातातलं काम न सोडता, जाणाऱ्याकडे न बघता म्हणतात तसा.

मी कडी घातली, कुलूप लावलं. पायरीवर ॲन्सेल्म टाकी धरून उभा होता. त्याच्या कपाळावर आठी होती.

"आत कोन ऱ्हायलंय, वयनी?"

"कोणी नाही."

"मग 'ये' कोन म्हनलं?"

"चल ॲन्सेल्म. पाणी तापेल."

टेम्पो सुरू करायच्या आधी त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि विरारपर्यंत गाणं लावलं नाही.

६

विरारचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दुपारी तीनपर्यंत टाकी उभी राहिली. खाली थर्मोकोल, मग वाळू, दगड, जुनं पाणी. संध्याकाळपर्यंत गढूळपणा बसला. कोळंबीने एक दगड निवडला आणि चेअरमननी सेक्रेटरींना तिथून हाकललं. खारटपणा मोजायची एक प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात काटा असतो. काटा पंचविसावर. जिथे हवा तिथे. मी फरशीवर बसले आणि पाच मिनिटं नुसती रडले. आनंदाने. सासूबाईंनी चहा आणून ठेवला आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पीसीओवर श्रीरंगला फोन करायला निघाले. "येते हं, आई."

"ये," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

वीस मिनिटांत परत आले. बाहेरच्या खोलीभर पाणी होतं. टाकी काठोकाठ भरून वाहत होती. काटा बाविसावर.

"आई, टाकीत पाणी घातलंत?"

"मी?" त्या पोथी घेऊन बाहेर आल्या. "त्या माशांच्या भांड्याला मी हात लावीन? मला वाटलं तूच आलीस परत. बांगड्या वाजल्या."

माझ्या बांगड्या माझ्या पर्समध्ये होत्या. टाकीचं काम होईपर्यंत हातात घालायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं.

फरशी पुसली. ॲन्सेल्मच्या कॅनमधलं समुद्राचं पाणी थोडं थोडं घालून काटा चढवायला घेतला. दुपारी मीठमसाला आणायला बाहेर गेले, काही न बोलता, कारण सासूबाई झोपल्या होत्या. परत आले. सगळं कोरडं. संध्याकाळी त्या जाग्या होत्या. दाराशी मी गप्पच चप्पल घातली.

"अगं, अशी न सांगता काय निघतेस?" त्या म्हणाल्या. मी काही बोलेना तेव्हा त्याच देवाकडे पाहून पुटपुटल्या, "येते हं ती."

परत आले तेव्हा पाणी उंबऱ्याबाहेर आलं होतं. काटा एकोणिसावर. छत्र्या मिटून सुपारीएवढ्या झालेल्या. कोळंबी आडवी पडली होती, मिशा तेवढ्या हलत होत्या.

पीसीओवरून श्रीरंगचा आवाज फाटला. "एकोणीस? अगं, सतराच्या खाली गेलं तर संपलं! कोण ओततंय एवढं?"

"तेच बघते."

"आईला विचारलंस?"

"विचारलं."

मग तो हळू म्हणाला, "ज्ञाना, तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे. मासे ठीक नाहीत."

रिसीव्हर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. उपाय सोपा होता. न बोलता निघायचं. जन्मभर, चोरासारखं, आपल्याच घरातून. आणि घरातल्या प्रत्येकाला तसंच शिकवायचं. पाहुण्यांनाही.

ते मला मान्य नव्हतं. वसईच्या खोलीला मी रोज "येते" म्हटलं होतं, आणि रोज आले होते. शेवटच्या दिवशीही म्हटलं, आणि आले नाही. कुणीतरी तिथे मनापासून "ये" म्हटलं होतं. म्हणजे निरोप अजून घ्यायचाच होता. जुन्या घराची चावी माझ्याकडेच होती.

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता मी वसईचं ते कुलूप उघडलं. आन्टी त्यांच्या पायरीवर होत्या. "हिलरीचं विमान लांबलं, परवा येतो," त्यांनी ओरडून सांगितलं. मला बरं वाटलं. ऐकायच्या अंतरावर कुणी माणूस होतं.

आत नव्या चुन्याचा वास, आणि त्याच्याखाली समुद्राचा. आमच्या टाकीचा वास मी कुठेही ओळखीन. स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद होता. गॅसमागचा खिळा रिकामा. आतल्या खोलीत आमच्या कॅलेंडरची पांढरी चौकट भिंतीवर. सगळं पाहून मी बाहेरच्या खोलीत आले, कारण बाकी कुठे जायचं उरलं नव्हतं.

स्टँडच्या चार खुणांमधली फरशी ओली होती. ओल्याला सरळ कडा होत्या, दोन फूट बाय एक फूट.

टप्.

थेंब वरून पडला. छतावरून नव्हे. माझ्या कमरेच्या उंचीवरून, जिथे टाकीचा काठ असायचा तिथून.

मी वर पाहिलं नाही. समोर पाहिलं. समोर एक हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत. हातात आमचा पेला, जो मी सकाळी विरारच्या मोरीत घासून ठेवला होता. तो तिरका करून ती पाणी सोडत होती, थांबून थांबून, करंगळी उचलून. मीही करंगळी उचलते. श्रीरंग त्यावरून चिडवतो. मनगटात एकच बांगडी होती. हिरवी, सोनेरी ठिपक्यांची. अखंड.

कोपराच्या पुढे काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहायला मान वर करावी लागली असती.

"आलीस?"

टेपवर आपला आवाज ऐकला की परका वाटतो, तसा आवाज.

दार चार पावलांवर होतं. "हो" म्हणायचा मोह झाला, हे कबूल करते. घरात कुणी "आलीस?" विचारलं तर हो म्हणतात. बाकी काही म्हणायची रीतच नाही.

"नाही," मी म्हणाले.

पाणी सोडणं थांबलं.

"ती बांगडी फुटली. वाढली नाही. फुटली. मीच म्हणाले वाढली, चुकले. काच होती, काठावर आपटली, फुटली." माझा आवाज शाळेत दंगा करणाऱ्या मुलींवर चढवते तसा झाला होता. "त्या टाकीत मी पाणी घालीन. माझं मी घालीन, दीड पेला. तू घालायचं नाही. मरतायत ते."

हात तसाच. पेल्याच्या काठाला एक थेंब लोंबत होता.

"आणि मी जाते."

हा शब्द निरोप घेताना मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. जिभेला तो गरम लागला. कुठेतरी माझी आई, तिची आई, सासूबाई, सगळ्या एकदम कान झाकून उभ्या आहेत असं वाटलं.

"ये," तो आवाज म्हणाला. तस्साच. कामातून मान वर न करता.

"जाते," मी ओरडले. "ऐकलंस? येते नाही. जाते! येणार नाही मी."

मी पाठ फिरवून बाहेर आले. दार ओढताना आत काच फुटल्याचा आवाज आला. एकच, बारीक. किण्. मी मागे पाहिलं नाही. कुलूप लावायला दोन्ही हात लागले.

आन्टी उभ्या राहिल्या होत्या. "काय गो, कोनाशी भांडत होतीस?"

"घराशी."

"जिंकलीस?"

"माहीत नाही. ही चावी."

चावी घेता घेता त्या म्हणाल्या, "बरं बाय, ये हां परत. हिलरीला भेटायला."

"नाही आन्टी," मी म्हणाले. "जाते."

"येशू मारिया! असं बोलतात काय गो?"

८

काटा पंचविसावर चढवायला सहा दिवस लागले. एकदम चढवला तरी ते मरतात. छत्र्या एकेक करून उघडल्या. दोन बटणं गेली, बाकी राहिली. कोळंबीने कात टाकली, आणि मी ती मेली समजून पुन्हा रडले, आणि मग ती दगडामागून बाहेर आली.

पाच तारखेला श्रीरंग आला. बॅग न उतरवता टाकीसमोर उकिडवा बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "वाळूत काहीतरी आहे. काचेजवळ. चेअरमन उकरतेय."

लांब चिमट्याने त्याने काढलं. हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा, त्यावर अर्धा सोनेरी ठिपका. मी ती सगळी वाळू बोटांतून गाळली होती.

"हे काय?"

"बांगडी. फुटली होती."

"वाढली म्हणावं!" सासूबाई आतून ओरडल्या.

"फुटली, आई," मी म्हणाले. तुकडा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. कचऱ्याची गाडी तो घेऊन गेली ते खिडकीत उभी राहून पाहिलं.

मला आता विरारच्या एका शाळेत काम मिळालं आहे. रोज सकाळी दीड पेला पाणी घालते, चप्पल घालते आणि म्हणते, "जाते." सासूबाई असल्या की कपाळाला हात लावतात. "अवदसा आठवते का गं तुला? कुणी ऐकलं तर?" त्यांना काय सांगू, की कुणीतरी ऐकावं म्हणूनच म्हणते. श्रीरंगला सगळं सांगितलं आहे. तो हसला नाही. आता तोही जाताना "जातो" म्हणतो, जरा चाचरत.

उंबऱ्यावर मी एक श्वासभर थांबते. आतून कुणी काही म्हणत नाही. दुपारी आले की आधी लाल रेघ बघते. पाणी दीड पेला खाली गेलेलं असतं.

गेल्या गुरुवारी मात्र ते एकच पेला खाली होतं. हवा दमट होती, असं मी ठरवलं. पर्स खाली ठेवली. पुन्हा उंबऱ्याबाहेर आले, वळले, आणि घरात कुणी नसताना, प्रत्येक अक्षर सुटं करून, रिकाम्या खोलीला सांगितलं:

"जा-ते."